लत्तलूरचे स्वामी आणि रोमचे सम्राट

लातूर म्हटले की आज तुरीचा भाव आठवतो, क्लासेसच्या पाट्या आठवतात, १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि २०१६ ची पाण्याची रेल्वे आठवते. नांदेड म्हटले की गोदावरी आणि हुजूर साहिब. या मुलखाचे नाव एके काळी रोमच्या बरोबरीने घेतले जात होते, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही. इ.स. ८५१ च्या सुमारास लिहिलेला एक अरबी वृत्तान्त आहे. सुलेमान या व्यापाऱ्याच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात जगातले चार थोर राजे सांगितले आहेत : बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा राजा आणि हिंदुस्थानातला बल्हरा. रूमचा राजा म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या तख्तावरचा रोमन सम्राट. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूट सम्राट. त्या वेळी गादीवर अमोघवर्ष होता, आणि ८६६ च्या निलगुंद व शिरूर येथील शिलालेखांत त्याच्या कुळाचा अभिमान एका बिरुदात आला आहे : लत्तलूरपुराचा स्वामी. लत्तलूर म्हणजे आपले लातूर.

रोमच्या ऱ्हासावर जगाने अखंड विचार केला. त्या ऱ्हासावरच्या इतिहासकार गिबनच्या ग्रंथाचा पहिला खंड १७७६ मध्ये आला आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीने त्या प्रश्नाला स्वतःचे उत्तर शोधले. राष्ट्रकूटांचा ऱ्हास मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत आटोपतो. मला हे दोन अस्त शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात, कारण त्यांतला आजार एकच आहे.

रोम आणि मराठवाडा यांची ओळख तशी राष्ट्रकूटांच्याही आधीची. लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात तेरणेकाठी तेर आहे. गोरोबाकाकांचे तेर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात हेच गाव तगर नावाने येते. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर, आणि तिथून साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाते, असे तो लेखक सांगतो. तेरला उत्खननात कापड रंगवण्याचे हौद सापडले. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीशी विलक्षण साम्य आहे, आणि पॉम्पेई तर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातून वेचलेल्या वस्तूंमुळे हे सारे आज तेरच्या संग्रहालयात पाहता येते.

हिंदुस्थान दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने केली आहे. तिच्या आधारे, रोम आपल्या मलमलीने आणि मिऱ्यांनी बुडाला, असे अभिमानाने सांगणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. रोमन नाण्यातली चांदी कमी होत गेली ती मुख्यतः फौजेच्या पगारापायी. सेप्टिमियस सेव्हेरसने सैनिकांचा पगार वाढवला, त्याच्या मुलाने, कॅराकॅलाने, तो आणखी वाढवला. इ.स. २७० च्या आसपास चांदीच्या म्हणवल्या जाणाऱ्या नाण्यात शेकडा पाच भागही चांदी उरली नव्हती. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत फौजा सम्राट बसवत होत्या आणि त्याच फौजा त्यांना ठार करत होत्या. ज्याच्या हाती तलवार, त्यालाच पगारासाठी गोंजारावे लागत होते. रोमचा खरा रोग तिथे आहे.

तरीही रोम पुढे दोनशे वर्षे टिकला, आणि त्यामागे एक मोठी शहाणी रीत होती. जिंकलेल्या माणसाला रोम आपला करून घेई. परमुलखातला सैनिक पंचवीस वर्षे चाकरी करून निवृत्त झाला की रोमन नागरिक होई. इ.स. २१२ मध्ये कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिले. त्यात करवसुलीचा हेतू असेल, पण सीरियातला वा स्पेनमधला माणूस कायद्याने रोमन झाला हे खरे. ही रीत इ.स. ३८२ मध्ये मोडली. आड्रियानोपलच्या लढाईत गॉथ टोळ्यांनी सम्राटालाच मारल्यावर चार वर्षांनी रोमने त्यांच्याशी तह केला आणि त्यांना साम्राज्याच्या आत, त्यांच्याच सरदारांच्या हाताखाली जमिनी देऊन वसवले. फौज रोमची, पण तिची निष्ठा स्वतःच्या सरदाराशी. आपल्याकडे अशा सरदाराला सामंत म्हणत.

राष्ट्रकूटांची तर सारी उभारणीच सामंतांवर होती. दंतिदुर्ग स्वतः बदामीच्या चालुक्यांचा सामंत. इ.स. ७५३ च्या सुमारास त्याने धन्यालाच, दुसऱ्या कीर्तिवर्म्याला, पाडले. कोल्हापूरकडच्या सामानगडाला सापडलेल्या ७५४ च्या ताम्रपटात त्याचे विजय नोंदले आहेत. त्याच्यामागून आलेल्या पहिल्या कृष्णाने वेरूळचे कैलास कोरवले. पुढे ध्रुव आणि तिसरा गोविंद यांच्या फौजा गंगेच्या खोऱ्यापर्यंत गेल्या. जिंकलेल्या राजाला बहुधा त्याच्याच गादीवर ठेवायचे, खंडणी घ्यायची, लढाईला त्याची फौज बोलवायची, असा हा कारभार. नाणी फार थोडी पाडली गेली. चाकरीचा मोबदला रोखीत देण्यापेक्षा गावांत आणि प्रांतांत दिला जाई. रोमच्या नाण्यातली चांदी घटली तरी ते सम्राटाच्या शिक्क्याचे होते. प्रांत मात्र एकदा दिला की तो घेणाऱ्याचा होतो.

अमोघवर्ष ८१४ मध्ये पोरवयात गादीवर आला तेव्हा सामंतांनी बंड केले, आणि गुजरात शाखेच्या कर्काने त्याला सावरले. इशारा मिळाला होता. पण चौसष्ट वर्षांच्या त्या दीर्घ राजवटीतही ही घडी बदलली नाही. अमोघवर्षाविषयी मला आदर आहे. प्रजेवरचे संकट टळावे म्हणून त्याने महालक्ष्मीला आपले बोट कापून वाहिले, असे ८७१ चा संजान ताम्रपट सांगतो. असा राजा असूनही राज्याची रचना तीच राहिली.

वैभवाचा शेवटचा कळस तिसऱ्या कृष्णाच्या काळात चढला. ९४९ मध्ये तक्कोलमच्या रणात चोळ युवराज राजादित्य हत्तीवरच मारला गेला. त्याला मारणारा बूतुग हा गंग सामंत होता, आणि बक्षीस म्हणून त्याला बनवासी प्रांत मिळाला. दहा वर्षांनी, ९५९ च्या कऱ्हाड ताम्रपटात कृष्ण दक्षिणेत मेलपाटीच्या छावणीत दिसतो. तिथे तो जिंकलेले प्रांत आपल्या आश्रितांना वाटून देत आहे. ताम्रपटाच्या लेखकाला हे धन्याच्या औदार्याचे वर्णन वाटले असेल. मला त्यात साम्राज्य वाटून टाकण्याची नोंद दिसते.

आपल्या कंधारचे वैभव याच काळातले. भुईकोट किल्ल्याच्या पहिल्या उभारणीचे श्रेय तिसऱ्या कृष्णाला दिले जाते. राष्ट्रकूटकालीन शिलालेखात उल्लेख असलेला जगत्तुंग समुद्र हा तलाव आजही त्या नावाने ओळखला जातो. क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे भग्न अवशेष कंधारला पडून आहेत. पाण्यासाठी तळमळणाऱ्या मुलखात हजार वर्षांपूर्वी एवढा तलाव बांधणारे राज्य काही दुबळे नव्हते. म्हणूनच त्याचा शेवट चटका लावतो.

कृष्ण ९६७ मध्ये वारला. ९७२ मध्ये माळव्याच्या सीयक परमाराने राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड, लुटले. धनपालाने आपल्या प्राकृत कोशाचा रचनाकाळ सांगताना हीच लूट नोंदवली आहे. हा सीयक कोण? ९४९ च्या हरसोल ताम्रपटात राष्ट्रकूटांना धनी म्हणून आरंभी वंदणारा त्यांचाच सामंत. पुढच्याच वर्षी, ९७३ मध्ये, तर्दवाडीचा सामंत दुसरा तैलप उठला, त्याने शेवटच्या राष्ट्रकूट सम्राटाला, दुसऱ्या कर्काला, पाडले आणि चालुक्यांची गादी पुन्हा मांडली. कृष्णाचा नातू इंद्र याला गादीवर बसवण्याची गंग मारसिंहाची धडपड फुकट गेली. इंद्राने ९८२ मध्ये श्रवणबेळगोळला सल्लेखना घेऊन देह ठेवला.

आता रोमकडे पाहा. ४१० मध्ये रोम लुटणारा अलारिक आधी रोमन फौजेच्या बाजूने लढला होता, त्याने रोमचे सेनाधिकारपद भूषवले होते. ४७६ मध्ये शेवटच्या पश्चिमी सम्राटाला, रोम्युलस ऑगस्टुलसला, पदच्युत करणारा ओडोएकर रोमच्याच फौजेतला अधिकारी, आणि त्याच्या सैनिकांची मागणी होती इटलीतल्या जमिनींची. लूट करणारा आपला, गादी घेणाराही आपला. दोन्हीकडे बाहेरचा शत्रू शोधत बसण्याचे कारण नाही.

फरक पडला तो नंतर. साम्राज्य गेल्यावरही माणसे स्वतःला रोमन म्हणवत राहिली. पूर्वेत तर १४५३ पर्यंत, आणि पश्चिमेत पवित्र रोमन सम्राट ही पदवी १८०६ पर्यंत चालली. राष्ट्रकूटांमागे राष्ट्रकूट म्हणवणारी प्रजा उरली नाही, कारण माणूस सम्राटाचा कधी झालाच नव्हता, तो आपापल्या सामंताचा होता. लत्तलूरच्या स्वामित्वाचे बिरुद मात्र सौंदत्तीच्या रट्टांनी तेराव्या शतकापर्यंत मिरवले. नाव उरले, नाते उरले नाही.

आज तरी ते नाते जोडता येईल. नांदेड जिल्ह्यातले शिलालेख रित्ती आणि शेळके यांनी १९६८ मध्येच पुस्तकरूपाने छापले. ते वाचन विद्वानांपुरते का राहावे? कंधारला, होट्टलला, औशाजवळच्या खरोसा लेण्यांशी सोप्या मराठीत अर्थ सांगणारे फलक लागले पाहिजेत, आणि नांदेडच्या विद्यापीठाने त्यासाठी पुढाकार घ्यावा. लातूर-नांदेडच्या शिक्षकांना माझी विनंती आहे : दिवाळीची सुट्टी संपली की पहिली सहल तेर आणि कंधारला काढा, आणि मुलांना जगत्तुंग तलावाच्या काठावर उभे करून तैलपाची आणि ओडोएकरची गोष्ट एकाच तासाला शिकवा.