खाण्याची मोकळीक आणि वेष्टनावरील बारीक अक्षरे

ठाण्यास माजिवड्याच्या नाक्यावर, जेथे घोडबंदरचा रस्ता नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यास मिळतो, तेथील एका दुकानात मंडळीतील एक माउली आम्हांस भेटली. तिच्या हाती मुलासाठी घेतलेला बिस्किटांचा पुडा व फळांचे चित्र असलेली सरबताची बाटली होती. पुड्यामागील मजकूर वाचून पाहिला काय, असे आम्ही विचारिले. तेव्हा ती म्हणाली, "देवानं पेत्राला यापो गावी दृष्टान्त दाखवून सगळं अन्न शुद्ध ठरवलं ना? सोवळंओवळं सोडून आपण प्रभूकडे आलो. मग हे आणखी नवं सोवळं कशाला?"

बंधुभगिनींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्यांच्या आजापणजांस अन्नापाण्याच्या विटाळापायी विहिरीपासून दूर उभे राहावे लागले, त्यांस प्रभूने दिलेली ही मोकळीक फार मोलाची आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात प्रभूने स्पष्ट शिकविले आहे की, मनुष्याचा विटाळ तोंडावाटे आत जाणाऱ्या अन्नाने होत नाही. ह्या शिकवणीचा कानामात्राही बदलण्याचा आम्हांस अधिकार नाही. अमुक खाल्ल्याने कोणी पापी होतो, असे आमचे म्हणणे मुळीच नाही.

परंतु अन्न शुद्ध आहे, येवढ्यावरून ते हितकर आहे असे ठरत नाही. हा भेद पौलाने करिंथकरांस लिहिताना चांगला उलगडून दाखविला. खाण्यास आपण मोकळे आहो हे त्याने मान्य केले. पण आपल्या मोकळिकीने दुर्बळ बंधूस अपाय होत असेल तर ती बाजूस ठेवण्यास तो सिद्ध होता. सोवळ्याचा प्रश्न असा की, "ह्याने मी बाटेन काय?" प्रीतीचा प्रश्न असा की, "ह्याने माझ्या लेकराचे बरे होईल काय?" पहिल्या प्रश्नातून प्रभूने आपणांस सोडविले. दुसऱ्यातून सोडविले नाही. उलट तो आपल्या गळ्यात अधिक घट्ट बांधला आहे.

आता वेष्टनाकडे पाहू. पुढल्या बाजूस मोठी अक्षरे असतात, ती विकणाऱ्याची स्तुती होय. मागल्या बाजूस बारीक अक्षरे असतात, ती कायद्याने त्याच्याकडून घेतलेली साक्ष होय. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणजे जे सर्वांत अधिक ते पहिले. मैदा व साखर आरंभी असून बदाम शेवटी असेल, तर पुढले बदामाचे चित्र किती खरे हे ज्याने त्याने ओळखावे. २०२४ च्या जूनमध्ये ह्याच प्राधिकरणाने रसाच्या उत्पादकांस बजाविले की, आटविलेल्या रसात पाणी घालून केलेल्या पेयावर "१०० टक्के फळांचा रस" असे छापू नये. खोट्या तराजूविषयी नीतिसूत्रांत जो धिक्कार आहे, तो अशा अक्षरांसही लागू पडतो असे आम्हांस वाटते.

घटकांखेरीज उष्मांक, प्रथिने, साखर, स्निग्ध पदार्थ व सोडियम ह्यांचे आकडेही तेथेच असतात. ते बहुधा १०० ग्रॅममागे असतात, म्हणून थोडा हिशेब करावा. समजा, १०० ग्रॅम बिस्किटांत वरून घातलेली साखर २५ ग्रॅम आहे, व पुडा ६० ग्रॅमचा आहे. मुलाने तो संपविला म्हणजे १५ ग्रॅम, सुमारे तीन चहाचे चमचे साखर त्याच्या पोटी गेली. वेष्टनावरील टक्केवारी प्रौढ माणसाच्या २००० उष्मांकांच्या आहारावरून काढितात; त्यात अशा साखरेची दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम व सोडियमची २००० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, धरिली आहे. लहान मुलाचा वाटा ह्याहून कमी, हे विसरू नये.

कित्येक उत्तम पदार्थांस वेष्टनच नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे धान्यापासून मिळणारे उष्मांक एकंदराच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावेत. बाकीचे डाळी, भाजीपाला, फळे, शेंगदाणे, दूध, अंडी, मासळी ह्यांतून यावेत. आमच्या ठाणे जिल्ह्यात भाताचा ढीग व आमटीचे पाणी असे ताट पुष्कळ घरी दिसते. त्यात भात थोडा कमी करून नाचणीची भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे अथवा थोडा जवळा आला, तर ते ताट भरले असे म्हणावे. पुड्यासरबताच्या पैशांत अंडी येतात काय, येवढे त्या माउलीने दुकानातच मोजून पाहावे.

येथे उपदेशक बंधूंस एक विनंती आहे. वेष्टनावरील मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा, इतकेच कायदा मागतो. मराठी छापणे उत्पादकाच्या इच्छेवर आहे. म्हणजे जी म्हातारी नातवासाठी पुडा घेते, तिच्यासाठी ती साक्ष मुकीच राहते. शास्त्र वाचता यावे म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांस मिशनच्या शाळांत अक्षरे शिकविली गेली. ज्यांस अक्षरे आली, त्यांनी न येणाऱ्यांस वाचून दाखवावे, हा तेव्हापासूनचा ऋणानुबंध आहे. स्त्रियांच्या सभेनंतर दोनचार रिकामे पुडे घेऊन बसावे व एकेक ओळ मराठीत समजावून सांगावी. मात्र कोणाच्या ताटाकडे बोट दाखवू नये. खाणाऱ्याने न खाणाऱ्यास व न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोष लावू नये, हे रोमकरांस पत्रातील शिक्षण येथेही पाळावे. ज्याची मजुरी सायंकाळी हाती येते, त्यास निवडीस वाव थोडाच असतो. त्याला बोल लावण्यापेक्षा परसात शेवग्याची एक फांदी लावून द्यावी.

त्या माउलीस आम्ही इतकेच सांगितले की, बाई, हे सोवळे नव्हे. जेवणापूर्वी आपण देवाचे उपकार मानितो. ज्याबद्दल उपकार मानावयाचे ते काय आहे, हे ठाऊक करून घेणे हाही त्या उपकारस्तुतीचाच एक भाग आहे. तिने पुडा उलटला व म्हणाली, "वाचून दाखवा."