खरे बोलणारा खोटा साक्षीदार

दोनचा १२७ वा घात काढून त्यातून एक वजा केला म्हणजे जी एकोणचाळीस अंकी संख्या येते, ती मूळ संख्या होय. एक आणि ती स्वतः यांवाचून तिला निःशेष भागणारी पूर्ण संख्या नाही. पॅरिसचा मठवासी मारिन मेर्सेन याने १६४४ साली हे छापून सांगितले, आणि ते खरे निघाले. तरीही तो खरे बोलला काय, हा प्रश्न माझ्यासारख्या वकिलाचा पिच्छा सोडीत नाही.

कारण त्याच यादीत, त्याच ठाम स्वरात, त्याने ६७ आणि २५७ हे घातही नोंदविले होते. त्यांच्या संख्या मूळ नाहीत. यावयास हवे होते ते ६१, ८९ व १०७ मात्र सुटले. बरे, एवढ्या मोठ्या संख्या तपासावयास सारा काळ पुरणार नाही, अशी कबुली त्यानेच दिलेली! म्हणजे १२७ विषयी त्याच्यापाशी ज्ञान नव्हते, अंदाज होता.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत खोट्या साक्षीचे एक मार्मिक उदाहरण आहे. शपथेवरील मनुष्य, काहीएक ठाऊक नसता, ‘अमका त्या दिवशी तेथे होता हे मला ठाऊक आहे’ असे सांगतो. अमका तेथे असो वा नसो, साक्ष खोटीच. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या संहितेनेही हे तत्त्व सोडलेले नाही.

ज्ञान आणले ते एदुआर लुका याने, १८७६ साली. त्याच्या कसोटीचे आजचे रूप ३१ या, म्हणजे दोनच्या पाचव्या घातातून एक वजा केलेल्या, संख्येवर पाहावे. चारचा वर्ग करून दोन वजा करा : १४. पुन्हा तेच : १९४, ३१ ने भागता बाकी ८. पुन्हा : ६२, बाकी शून्य. घाताहून दोन कमी, इतक्या पायऱ्यांनंतर शून्य आले की संख्या मूळ. १२७ साठी अशा १२५ पायऱ्या. भाजक शोधीत बसावे लागत नाही. ६७ ची संख्या मूळ नाही हेही लुकाने त्याच वर्षी, तिचा एकही भाजक न दाखविता, सिद्ध केले. १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव फ्रँक कोल याने १९०३ साली मांडले.

मेर्सेनने शपथ घेतली नव्हती, हे त्याच्या बाजूने म्हणता येईल. त्याच्या यादीने गणितज्ञांना अडीचशे वर्षांहून अधिक काळ कामाला लावले, हेही खरे. पण ‘वाटते’ हा एक शब्द त्याने घातला असता, तर ६७ चा दोष त्याला लागता ना, आणि १२७ चे श्रेयही मागावे लागते ना.

उमेदवारीच्या काळात एका म्हाताऱ्या साक्षीदाराची मी उलटतपासणी केली होती. बांध कोणाचा, हे आपल्याला ठाऊक आहे म्हणाला. कसे ठाऊक? ‘गावात सगळेच म्हणतात, वकीलसाहेब.’ मी त्याला खाली बसविला. पुढे जुना नकाशा सापडला. बांध म्हाताऱ्याने सांगितला त्याचाच होता. दावा तोवर निकालात निघाला होता, माझ्या अशिलाच्या बाजूने.