पटावर पावसाळा नसतो

‘हे कुठल्या महिन्यात चाललंय?’ माझ्या वेंगुर्ल्याच्या मित्राने ‘नावेगादोर’च्या पहिल्याच डावात विचारलं. मी गलबतं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून मलबारकडे रेटत होतो आणि याला महिना हवा होता. त्याच्या घरी दोन पिढ्यांची मासेमारी. नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात लोटणाऱ्याला त्यांच्याकडे शहाणा म्हणत नाहीत. पटावर महिना नव्हता, वाराही नव्हता. मी म्हटलं, खेळ आहे, खेळ. तो खेळला आणि जिंकलाही. प्रश्न मात्र माझ्याकडे ठेवून गेला.

माक गेर्ट्स या जर्मन रचनाकाराचा हा खेळ २०१० सालचा. उत्तम खेळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. सगळे खेळाडू पोर्तुगीज व्यापारी घराणी. लिस्बनहून निघायचं, आफ्रिकेचा किनारा, हिंदुस्थान, पुढे थेट नागासाकी. वाटेत वसाहती घ्यायच्या, मायदेशी कारखाने काढायचे. खरी गंमत बाजारात आहे. वसाहतींची साखर, सोनं, मसाले विकायला काढले की भाव पडतो. पडलेल्या भावाचा फायदा कारखानदाराला. त्याने माल उचलला की भाव पुन्हा चढतो. त्यामुळे एकाची घाई ही नेहमी दुसऱ्याची कमाई असते. मागणी-पुरवठ्याचं हे गणित वर्गात फळ्यावर जितकं कळत नाही तितकं इथे अर्ध्या तासात अंगात भिनतं.

एक नियम तर मला फारच आवडतो. अनोळखी समुद्रात पहिल्यांदा शिरणाऱ्याला आपलं एक जहाज गमवावं लागतं. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीत ‘साओ राफाएल’ हे जहाज परतीच्या वाटेवर, १४९९च्या जानेवारीत, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाळून टाकावं लागलं, कारण ते हाकायला पुरेशी माणसंच जिवंत उरली नव्हती. नियम करणाऱ्याने इतिहास वाचलेला आहे.

वाचलेला आहे म्हणूनच विचारायचं, की ती माणसं मेली कशाने? गामा २४ एप्रिल १४९८ रोजी मालिंदीहून निघाला आणि २० मे रोजी कोझिकोडपाशी पोचला. महिनासुद्धा लागला नाही, कारण वारा पाठीशी होता आणि मालिंदीच्या राजाने दिलेला, हा समुद्र जाणणारा वाटाड्या जहाजावर होता. परतताना तो ऑगस्टअखेर कोझिकोडहून निघाला. वारा अजून फिरायचा होता. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबून ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याने समुद्र धरला आणि तेच अंतर कापायला जवळपास तीन महिने लागले. हिरड्या सुजून, रक्त वाहून खलाशी मेले. मित्राने विचारलेला महिना तो हाच. अरबी समुद्राचा सगळ्यात मोठा नियम पटावर नाही. तो असता तर दुसरीही गोष्ट मान्य करावी लागली असती: हा समुद्र आधीच कोणाच्या तरी पाठांतरात होता. नाखवे, वाटाडे, गुजराती आणि अरब व्यापारी, वारा फिरेपर्यंत बंदरात काढायचे महिने, त्या महिन्यांत जमणारे हिशेब आणि सोयरिकी. आपल्या शाळेच्या पुस्तकांनीही ‘सागरी मार्गाचा शोध’ असंच शिकवलं, तेव्हा एकट्या जर्मन माणसाला कशाला बोल लावा?

पटावर मलबारला पोचलेला खेळाडू पैसे भरतो आणि वसाहत घेतो. कोझिकोडला काय झालं होतं? गामाने सामुतिरी राजासाठी काढलेला नजराणा म्हणजे काही पट्ट्यापट्ट्यांचं कापड, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुवायची भांडी, साखर, तेल आणि मध. राजाची माणसं हसली. यापेक्षा बरं तर मक्केचा साधा व्यापारी आणतो, असं त्यांचं म्हणणं. हा प्रसंग खेळात येऊच शकत नाही, कारण हसणाऱ्याला तिथे खुर्ची नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. बुद्धिबळातही सैन्य कापलं जातं, राजा कोंडला जातो, आणि त्याबद्दल कोणी लेख लिहीत नाही. पण बुद्धिबळात काळ्या सोंगट्यांमागेही एक माणूस बसलेला असतो. तो उलटा वार करतो, नकार देतो. ‘नावेगादोर’मध्ये चारही बाजूंना लिस्बनच. पोर्तुगीजांनी या समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला: तो न घेता जाणारं जहाज जप्त. दोन शतकांनी कान्होजी आंग्रे यांनी हीच रीत उलटवली आणि युरोपीयांच्या गलबतांकडे आपलं दस्तक मागायला सुरुवात केली. चालीला यापेक्षा सुंदर प्रतिचाल कुठल्या खेळात असेल? युरोपीय कागदपत्रांत तिचं नाव चाचेगिरी, आणि खेळात तिला जागाच नाही.

आफ्रिकेबद्दल तर बोलायलाच नको. पटावर तिथे सोनं मिळतं, ब्राझीलमध्ये साखर. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांत कोंबलेली सुमारे सव्वा कोटी माणसं कोणत्याच रकान्यात नाहीत.

यावर डागडुजी करून पाहिली गेली आहे. आंद्रेयास झायफार्ट यांच्या ‘पुएर्तो रिको’ (२००२) या गाजलेल्या खेळात जहाजातून तपकिरी गोल चकत्या येतात आणि त्या तुम्ही मळ्यांवर राबायला ठेवता. नियमपुस्तिका त्यांना वसाहतकरी म्हणते. रंग पाहून बोलायचं ते सगळे बोलले. २०२२ची आवृत्ती १८९७ सालात नेली आहे. तेव्हा तिथली गुलामगिरी संपून चोवीस वर्षं झाली होती आणि खेळाडू आता बेटावरचेच शेतकरी आहेत. हेतू चांगला, पण हिशेबाचं यंत्र बहुतेक जुनंच. घराला रंग दिला, खोल्या त्याच ठेवल्या.

मला कोल वेर्ली यांचा ‘जॉन कंपनी’ अधिक प्रामाणिक वाटतो. त्यातही आपल्याला खुर्ची नाही. मराठा, म्हैसूर, हैदराबाद हे नकाशावरचे प्रदेश आहेत आणि त्यांच्या लढाया पत्ते उलटून ठरतात. पण तिथे खेळाडू म्हणजे इंग्लंडमधली घराणी. ईस्ट इंडिया कंपनी बुडत असताना कोणी निवृत्तीनंतरची हवेली विकत घेतो, कोणी मुलाचं लग्न मोठ्या घरात जमवतो, आणि तसं करूनच जिंकतो. आपण काय करतो आहोत ते हा खेळ लपवत नाही. डाव संपल्यावर स्वतःची जरा लाज वाटते, जी ‘नावेगादोर’ जिंकल्यावर मला एकदाही वाटली नव्हती.

मध्यंतरी आम्ही ‘नावेगादोर’ला घरचा नियम जोडला. मित्र मलबारच्या बाजूने बसला. दर तिसऱ्या फेरीला पावसाळा; तेव्हा बंदरातली गलबतं हलवायची नाहीत, आणि वसाहत नाही, वखार; तीही त्याने परवानगी दिली तर. मी एकदा साखर देऊ केली, त्याने ती परत केली. डाव रात्री साडेअकरापर्यंत लांबला, भावांचं गणित पार विस्कटलं, एक जण मध्येच कंटाळून उठला. पट आवरला तेव्हा माझी चार गलबतं कोझिकोडलाच उभी होती, वाऱ्याची वाट पाहत.