वद्य नवमीची रात्र

४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. वद्य पक्षातल्या नवमीला चंद्र उगवतो तो मध्यरात्र उलटल्यावर. काळोखाच्या आडोशाने तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कोंढाण्याचा कडा चढले. ही कथा मुळातच रात्रीची. अंधार नसता तर ती घडलीच नसती. १९२३ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटर या कथेवर मूकपट करायला निघाले, तेव्हा हिंदुस्थानातला कॅमेरा मात्र सूर्याच्या भरवशावर चालत होता.

‘सिंहगड’ या मूकपटाची थोरवी या पेचात आहे.

शाहिराला रात्र उभी करायला डफ पुरतो. तानाजींवरचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा पिढ्यान् पिढ्या गायला गेला. तो ऐकताना भर दुपारीही श्रोत्यांना कडा दिसत असे. हरिभाऊंना, म्हणजे हरि नारायण आपट्यांना, रात्र शब्दांतून मिळत होती. त्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी १९०३ची, आणि पेंटरांचा चित्रपट तिच्यावर बेतलेला. हरिभाऊ १९१९च्या मार्चमध्ये गेले. आपला गड पडद्यावर उभा राहिलेला त्यांनी पाहिला नाही.

हरिभाऊ नुसते युद्धकथा लिहिणारे नव्हते. ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिताना बाईच्या वाट्याला आलेला कोंडमारा त्यांनी ज्या कळवळ्याने मांडला, तोच कळवळा इतिहासात शिरतानाही त्यांच्या सोबत आहे. म्हणून ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये गडावरच्या हल्ल्याइतकीच कमलकुमारीची कथा महत्त्वाची ठरते. ती सती जायला निघालेली रजपूत स्त्री आणि तिच्यावर जबरदस्ती करू पाहणारा कोंढाण्याचा किल्लेदार उदयभानू. त्यामुळे किल्लेदार केवळ शत्रुपक्षाचा माणूस उरत नाही, वाचकाला त्याचा मनापासून संताप येतो. ही वीण सिनेमाच्या फार कामाची होती. मूकपटात राजकारण समजावून सांगायला जागा नसते. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, कोंढाणा मोगलांकडे का गेला, हे पडद्यावरच्या पाटीवर किती लिहिणार? बंदिवान बाईचा चेहरा मात्र एका क्षणात सगळे सांगतो.

आणि पाट्या वाचणार कोण? १९२१च्या जनगणनेनुसार देशात शंभरातल्या जेमतेम सात जणांना अक्षरओळख होती. थिएटरात कुणी तरी पाटी मोठ्याने वाचायचा, पेटी-तबला चालू असायचा, आणि बाकीचे काम चित्राला करावे लागायचे.

ते चित्र घडवणारा माणूस हाडाचा चित्रकार होता. बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि त्यांचे नात्याने भाऊ लागणारे आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. ‘पेंटर’ हे नाव त्या कामातून चिकटले. फाळक्यांच्या चित्रपटाने दोघांना झपाटले. आनंदराव १९१६ साली अकाली गेले, पण बाबूरावांनी ध्यास सोडला नाही. कॅमेरा स्वतः जुळवला. तानीबाई कागलकर या गायिकेने पैशाचे बळ दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२०चा ‘सैरंध्री’ पाहून लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले.

पडदे रंगवून नाव कमावलेल्या या माणसाने सिनेमात मात्र सपाट रंगीत पडद्याला रजा दिली. खोली असलेले, ज्यातून माणसे चालत येतील-जातील असे देखावे उभारले. वेशभूषेची आणि पात्रांची रेखाटने आधी कागदावर करून मग काम सुरू करायची त्यांची रीत होती. त्यांची नजर रंगांची, पण हातात आलेली फिल्म रंगांशी वैर धरणारी. त्या काळच्या फिल्मला तांबड्या रंगाची जाण जवळजवळ नव्हती. लाल वस्तू काळपट उमटे आणि निळे आभाळ पांढरेफटक. भगव्याच्या शेजारी कोणता रंग ठेवला म्हणजे तो पडद्यावर उठून दिसेल, हा हिशेब रंगांना करड्या छटांत ओळखणाऱ्यालाच जमणारा होता.

राहिली रात्र. उन्हात चित्रण करायचे आणि नंतर फिल्म निळीत बुडवून तिला रात्र म्हणायचे, ही जगभरची सोपी वाट. पण निळ्या रंगात बुडवलेली दुपार ही दुपारच असते. सावल्या खरे सांगून टाकतात. ‘सिंहगड’ची नोंद कृत्रिम प्रकाश वापरणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून केली जाते, ती केवळ विक्रमांच्या यादीत घालून विसरण्यासारखी नाही. दिव्यांमुळे दिग्दर्शकाला उजेडाचा मालक होता आले. उजेड कुठे नको, हेही आता त्याला ठरवता येत होते. हरिभाऊंच्या ओळीतल्या अंधाराचे भाषांतर करायला दिवे आणावे लागले!

इतिहासाच्या चिकित्सकांचा एक आक्षेप इथे नोंदवायला हवा. कोंढाण्याला ‘सिंहगड’ हे नाव तानाजींच्या बलिदानानंतर पडले, ही समजूत कागदपत्रांपुढे टिकत नाही. १६६३च्या शिवकालीन पत्रातही ते नाव आढळते. तरी शाळकरी पोरापासून गडावर पिठलं-भाकरी खायला जाणाऱ्या पर्यटकापर्यंत सर्वांच्या ओठी कादंबरीचे शीर्षकच असते. या समजुतीला कादंबरीच्या शीर्षकाने बळ दिले, आणि त्या कादंबरीवरच्या सिनेमाने तिला चेहरे दिले. शिवकाल म्हटल्यावर मराठी मनात उभी राहणारी मशाली, बुरूज, मावळ्यांची मुंडाशी ही चित्रावळ घडवण्यात कोल्हापूरच्या त्या स्टुडिओचा वाटा मोठा आहे.

सरकारलाही या चित्रांची ताकद कळत होती. १९३० साली प्रभात फिल्म कंपनीने ‘स्वराज्याचे तोरण’ काढला, तेव्हा सेन्सॉरला नाव सोसवले नाही आणि चित्रपट ‘उदयकाल’ होऊन पडद्यावर आला.

‘सिंहगड’ मात्र आज पाहायला मिळत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यांतले मोजकेच, तेही पुष्कळदा तुकड्यांत, उरले. नायट्रेटची फिल्म पेट घेते, नाही तर डब्यात कुजते. एक अख्खी रात्र, इतक्या कष्टाने उजळलेली, अशी हातची गेली याची हळहळ वाटते. पोवाडा तोंडपाठ राहिला, कादंबरी छापली जात राहिली, पण दोघांना डोळे देणारी कृती नाहीशी झाली.

तिचा एक धागा माणसांमधून पुढे गेला. या मूकपटात ऐंशीच्या घरातले शेलारमामा झाले होते विशी नुकतीच ओलांडलेले व्ही. शांताराम. १९२९ साली ते आणि त्यांचे सहकारी पेंटरांची कंपनी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात काढली. १९३३ साली शांतारामांनी त्याच कादंबरीवर पुन्हा ‘सिंहगड’ केला. या खेपेस पाटी वाचून दाखवणाऱ्याची गरज नव्हती. गडावरची माणसे बोलू लागली होती.