पांखरांचा समय आणि भट्टीची उचल

वाचावयाचा भाग : यिर्मया 8:7 व 22:13



फाल्गुन सरून चैत्र लागला कीं शहापूर तालुक्यांतील तानसा व भातसा या जलाशयांचें पाणी दिवसेंदिवस मागें हटतें, बुडालेल्या टेकड्यांचे माथे उघडे पडतात, आणि पाण्याच्या मध्यें लहानलहान बेटें दिसूं लागतात. तानशाचें धरण 1892 सालीं पुरें झालें. तेव्हांपासून येथील पाणी मुंबईस जातें, आणि ह्याच तालुक्यांतील पाड्यांवरच्या बाया वैशाखांत हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. परंतु तो विषय आज बाजूला ठेवूं. आज आम्हांस पांखरांविषयीं बोलावयाचें आहे.

ह्या दिवसांत पहांटे काठावर स्वस्थ बसावें. ओल्या चिखलांत धोबी शेपटी हालवीत फिरत असतो. पिवळ्या धोब्याच्या अंगावर आतां हळदीसारखा रंग चढलेला असतो, जो कार्तिकांत नव्हता. सायंकाळीं भोरड्यांचे थवे आकाशांत धुरासारखे वळतात व बेटावरील वाळक्या झाडांवर उतरतात. कांहीं दिवसांनीं हे थवे दिसेनासे होतात. मध्य आशियांतील गवताळ माळांवर, कझाकस्तानाकडे, टोळ माजण्याच्या वेळेस त्यांना तेथें पोंचून घरटीं करावयाचीं असतात.

पण आम्हांस सर्वांत नवल वाटतें तें बोरू वटवट्या या पांखराचें. करवंदीच्या जाळींत तो हिंवाळाभर नुसता ‘चक् चक्’ करीत असतो. मातकट रंगाचा, कोणी वळून पाहूं नये असा. त्याचें वजन सुमारें एक तोळा, म्हणजे आजोबांच्या वेळच्या चांदीच्या एका रुपयाइतकें. जाण्याचे दिवस जवळ आले कीं तो भराभर किडे खातो, आणि कातडीखालीं चरबी सांठवितो. तीच त्याची शिदोरी. मग एखाद्या सकाळीं त्याच जाळींतून हळू आवाजांत गाणें ऐकूं येतें. तें रशियांत किंवा फिनलंडांत पोंचल्यावर मोठ्यानें गावयाचें गाणें होय. परमुलखांत असतांनाच तो आपल्या घरचें गीत घोळवूं लागतो. आणि एके रात्रीं, काळोखांत, एकटाच निघतो.

काळोखांत वाट कशी सांपडते? सूर्य, तारे व पृथ्वीचें चुंबकत्व हीं पांखरांचीं साधनें आहेत, असें विद्वानांनीं दाखवून दिलें आहे. अमेरिकेंत स्टीफन एम्लेन या शास्त्रज्ञांनीं एका लहान निळ्या पांखराचीं पिलें हातानें वाढविलीं व त्यांना तारांगणांतील कृत्रिम आकाश दाखविलें. खरें आकाश ध्रुवाभोंवतीं फिरतें. त्यांनीं कांहीं पिलांना मृग नक्षत्रांतील एका तांबड्या ताऱ्याभोंवतीं फिरणारें आकाश दाखविलें. त्या पिलांनीं तोच तारा उत्तर मानला, आणि जाण्याचा हंगाम येतांच त्यावरूनच दिशा धरली. हा शोध 1970 सालीं प्रसिद्ध झाला. लहानपणीं जें स्थिर दिसलें तें त्यांनीं ध्रुव धरिलें. हें वाचल्यापासून आमच्या मनांतून तें गेलें नाहीं.

यिर्मया संदेष्टा ज्या देशांत राहत होता तो देश आफ्रिका व युरोप यांमधील पक्ष्यांच्या मोठ्या वाटेवर आहे. करकोचे त्याच्या डोक्यावरून जात असत. म्हणून तो म्हणतो कीं पांखरांना आपला समय कळतो, पण देवाच्या लोकांना त्याचा न्याय कळत नाहीं. हें वचन आम्हीं पुष्कळ वेळां उपदेशाला घेतलें आहे, आणि दर वेळीं त्याचा रोंख समोर बसलेल्यांकडे वळविला आहे : पांखरूं चुकत नाहीं, तुम्ही मात्र उपासना चुकवितां! एके वर्षीं पुनरुत्थानाच्या रविवारीं जे आले नाहींत त्यांचीं नांवें आम्हीं हजेरीपटांतून वाचून दाखविलीं. मुरबाडकडील दोन पाडे जवळजवळ सगळेच गैरहजर होते.

पहिला पाऊस पडल्यावर त्यांतील एक कातकरी बंधु आमच्याकडे आला. नांवें वाचल्याचें त्याच्या कानीं गेलें होतें. तो रागावला नव्हता. ओट्यावर बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, “गुरुजी, पांखराच्या नांवावर कोन उचल मांडतो? म्हनून त्याला जाया येतं. आमाला मालक सोडल तवा येनार.”

वाचकहो, उचल म्हणजे काय हें आपणांस सांगावयास नको. भात कापणीस येण्याआधीं, घरांतील दाणा संपलेला असतांना मुकादम दारीं येतो व पैसे हातावर ठेवितो. दिवाळी झाली कीं नवराबायको पोरांबाळांसह भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. मजुरी हजार विटांवर. आठवड्याला मिळते ती नुसती खर्ची. हिशेब पावसाच्या तोंडाशीं, आणि तोही मालकाच्या वहींतून. पुष्कळदां शिल्लक निघते ती अंगावरच, व पुढील वर्षाची वाट ठरून जाते. मुलें ह्याच मुक्कामांत वाढतात. शाळेची घंटा त्यांच्या कानीं येत नाहीं. सर्व माणसें कोणाभोंवतीं फिरतात तें मात्र तीं रोज पाहतात.

आणि ज्या संदेष्ट्यानें करकोच्याकडे बोट दाखविलें, त्यानेंच पुढें बाविसाव्या अध्यायांत, जो आपलें घर अन्यायानें बांधितो व शेजाऱ्याकडून काम करवून त्याची मजुरी देत नाहीं, त्याच्यावर हाय हाय केलें आहे. हीं दोन वचनें आम्हीं कधीं एका दिवशीं वाचलीं नव्हतीं. समय कोणाला कळला नाहीं? चिखल तुडविणाऱ्याला, कीं त्याच्या विटांनीं घर बांधून त्याचा हिशेब न पाहणाऱ्याला? आमचें प्रार्थनामंदिरही विटांचेंच आहे, हें येथें कबूल करणें भाग आहे.

उपदेशक बंधूंनीं एवढें करावें. कुटुंब निघण्यापूर्वीं उचलीची रक्कम, तारीख व मुकादमाचें नांव त्यांच्याच वहींत लिहून द्यावें, आणि विटांचा आंकडा दर आठवड्यास मांडावयास घरांतील एखाद्या मुलाला शिकवावें. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानें बंद झाली आहे, व तसल्या बंधनाचें कर्जही त्याच कायद्यानें रद्द ठरतें. कोणास अडकवून ठेविलें असेल तर तहसीलदार व जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज करावा, आणि तो घेऊन त्या माणसाबरोबर स्वतः जावें. एकट्याला पाठवूं नये. कचेरींत तो उंबऱ्यापाशींच उभा राहतो.

आमच्या हजेरीपटांत आतां ‘गैरहजर’ असें न लिहितां ‘भट्टीवर’ असें लिहितों, व पुढें ठिकाण. गेल्या पुनरुत्थानदिनाची पहांटेची उपासना भिवंडीकडील एका भट्टीवर झाली. कच्च्या विटांच्या रांगांमधून एक पिवळा धोबी शेपटी हालवीत हिंडत होता, आणि मुलांचें लक्ष उपदेशाकडे नसून त्याच्याकडे होतें. आम्हीं त्यांना दटाविलें नाहीं. तो कोठें जाणार तें सांगितलें. पुढच्या रविवारीं गेलों तेव्हां तो तेथें नव्हता; मुलें होतीं.