मदतीला धावलेला पोलीस

पुण्याहून सांगलीला रेल्वेने निघालं की कराडनंतर शेणोली लागतं, मग भवानीनगर. सातारा जिल्हा संपून सांगली सुरू होतो तो इथेच कुठेतरी. मागच्या दिवाळीत या टप्प्यात मी मोबाइलवर ‘पठाण’ बघत होतो. तिसऱ्यांदा. पठाण आणि टायगर रेल्वेच्या टपावर गुंडांना लोळवत होते, आणि आमची गाडी क्रॉसिंगसाठी अर्धा तास उभी होती.

खिडकीतून भवानीनगरची पाटी दिसली आणि हौसाताई पाटील आठवल्या.

१९४३ मध्ये हे दोन्ही जिल्हे मिळून एकच सातारा होता, आणि तिथे प्रतिसरकार उभं राहिलं होतं. क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे नेते, हौसाताई त्यांची मुलगी. वय असेल सतरा-अठरा. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातल्या बंदुका आणि काडतुसं भूमिगतांना हवी होती. त्यासाठी ठाण्याबाहेर एक नाटक झालं. साथीदारांपैकी एकजण नवरा बनला, हौसाताई बायको. नवरा तिला मारायला लागला, दगड उचलून डोकं फोडतो म्हणाला. आरडाओरडा ऐकून पोलीस तिला वाचवायला बाहेर धावले, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आत जाऊन हत्यारं उचलली. पुढे नव्वदी ओलांडल्यावर पी. साईनाथ यांना हे सांगताना हौसाताईंची तक्रार वेगळीच होती : त्या ‘नवऱ्या’ने मला खरोखरच मारलं! त्याचं म्हणणं, खरं वाटायला नको का? २०२१ मध्ये, वयाच्या ९५व्या वर्षी त्या गेल्या.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो होतो. गाडी थांबलेली असताना मात्र मी त्या पोलिसांचा विचार करत बसलो. ते फसले कशामुळे? लाच घेतली नव्हती, झोपले नव्हते, दारू प्यायले नव्हते. एका बाईला कुणी मारतंय म्हणून ते धावले. त्यांच्यातला सगळ्यात चांगला भाग नेमका ओळखून त्यावर ही योजना रचली होती.

पडद्यावरच्या चकचकीत एजंटला हे कधीच करावं लागत नाही. तो फसवतो ते खलनायकांना, आणि बहुतेक वेळा फसवतही नाही, सरळ उडवतो. त्याच्याकडे गाडी असते, घड्याळ असतं, सिक्स-पॅक असतात. मालिकेतल्या हेरांकडे यातलं काही नसतं, म्हणून त्यांना माणसं वापरावी लागतात. ‘द अमेरिकन्स’ घ्या. सीआयएमध्ये काम केलेल्या जो वाइजबर्गने ही मालिका निर्माण केली. तिच्यातला सोव्हिएत हेर फिलिप एफबीआयमधल्या मार्था नावाच्या सेक्रेटरीशी खोट्या नावाने लग्न करतो. मार्थाचा गुन्हा काय, तर ती एकटी आहे आणि तिला कुणीतरी आवडलंय. ‘द फॅमिली मॅन’मधला श्रीकांत तिवारी घरी बायकोशी खोटं बोलतो यावर आपण हसतो, पण पहिल्या सीझनमध्ये करीम हा विद्यार्थी चुकीच्या संशयावरून मारला जातो, तिथे हसू थांबतं. मालिका वास्तववादी असतात त्या ऑफिस भंगार आणि पगार कमी दाखवतात म्हणून नव्हे. हेरगिरीचं बिल कुणाच्या नावावर फाटतं ते त्या दाखवतात, म्हणून.

बहिर्जी नाईकांच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या होत्या. खानापूर तालुक्यात बाणूरगडावर त्यांची समाधी आहे. त्या गोष्टींत ते कधी फकीर होतात, कधी वासुदेव, कधी भिकारी. तेव्हा वेषांतराचं कौतुक वाटायचं. आता यादी बघितली की कळतं, ही सगळी अशी माणसं आहेत ज्यांच्यासाठी लोक दार उघडतात.

हे सगळं मला एवढं टोचतं त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत फिशिंगची चाचणी घ्यायची ठरली. कर्मचाऱ्यांना खोटा मेल पाठवायचा आणि लिंकवर कोण क्लिक करतं ते बघायचं. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. बक्षिसाचं आमिष जुनं झालं होतं. मी लिहिलं की हाउसकीपिंगमधल्या एका काकांची तातडीची शस्त्रक्रिया आहे, जमेल तेवढी मदत करा. चाचणी जबरदस्त यशस्वी झाली. टीममध्ये पाठ थोपटली गेली. टेस्टिंगमधली एक ताई तर क्लिक करून थांबली नाही, पाकिटात दोन हजार घालून जागेवर आली आणि म्हणाली, “ऑनलाइन नको, हे त्यांच्या हातात दे.” तिला आपोआप मेल गेला होता : आपण चाचणीत अनुत्तीर्ण झाला आहात, प्रशिक्षण पूर्ण करा.

हौसाताईंचं नाटक आणि माझा मेल एका मापाने मोजणार नाही. समोर परकी सत्ता होती, ते पोलीस तिच्याच बंदुका राखत होते, आणि पकडलं गेलं असतं तर काय झालं असतं हे त्या पोरीला ठाऊक होतं. शिवाय मार तिने स्वतः खाल्ला. मी एसीत बसून कॉफी पीत होतो. भूमिगतांच्या जागी असतो तर मीही तेच नाटक केलं असतं. निदान अशी हिंमत असावी असं वाटतं.

तरीही एक गोष्ट सुटत नाही. त्या पोलिसांना नंतर वरिष्ठांनी झापलंच असेल. काही महिन्यांनी ठाण्याबाहेर दुसरी एखादी बाई ओरडली असेल, यावेळी खरोखर मार खाणारी, तर ते बाहेर आले असतील का? या बाईला नाटक माहीत नाही, प्रतिसरकारने तिला विचारलेलं नाही, आणि कुठल्याही इतिहासात तिची नोंद असणं शक्य नाही. कारण योग्य असलं तरी किमतीतला एक वाटा तिच्याकडून गेला असेल, आणि तो कुणी परत केला नसेल.

गाडी हलली. ताकारी गेलं, किर्लोस्करवाडी आलं. पठाण अर्धवटच राहिला.

गेल्या महिन्यात ऑफिसमध्ये खराच मेल आला. सिक्युरिटीतल्या एकाच्या मुलीला अपघात झाला होता, वर्गणी चालू होती. त्या ताईने मेल मला फॉरवर्ड केला. वर एकच ओळ : “हे खरं आहे, की तू लिहिलंयस?”