हुकूम कुठवर पाळावा?

डिसेंबर १९६१ हा महिना आम्हां मराठी यहुद्यांच्या स्मरणात दोन बातम्यांनी राहिला आहे. ता. १५ रोजी यरुशलेमच्या न्यायालयाने आइकमनला देहान्ताची शिक्षा फर्माविली. ता. १९ रोजी गोवा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाला. वरवर पाहता या दोहोंचा संबंध नाही; परंतु दोन्हीकडे प्रश्न एकच होता : वरिष्ठांचा हुकूम कुठवर पाळावा?

लक्षावधी यहुद्यांना मृत्यूच्या छावण्यांत धाडणारा आइकमन म्हणत होता की, आपण केवळ हुकुमाचे ताबेदार होतो. तिकडे गोव्याचे गव्हर्नर-जनरल वासालू इ सिल्व्हा यांस सालाझारने बजाविले होते की, शरण जाऊ नये. जिंकावे किंवा मरावे. निभाव लागणे नाही हे पाहून त्यांनी हुकूम मोडला. तीन हजारांहून अधिक सैनिक जगले. १९६३ साली त्यांना सैन्यातून बडतर्फ केले. १९७४ च्या क्रांतीनंतर मान परत मिळाला.

शिस्तीवाचून ना शाळा चालते, ना सैन्य, हे आम्ही शिक्षक जाणतो. मग विवेक कोणता आणि हट्ट कोणता, हे ओळखावे कसे? आमच्या मते, किंमत कोण मोजतो ते पाहावे. आइकमनच्या आज्ञापालनाची किंमत निरपराधांनी मोजली. सिल्व्हांचा स्वतःचा जीवही वाचला, हे खरे. पण अवज्ञेपायी हुद्दा व अब्रू त्यांनीच गमावली.

कसोटी अपुरी असेल. तरी नातवंडांना ‘सांगितलेले ऐक’ म्हणताना, कुणाच्या जिवावर ऐकावयाचे, हेही विचारावयास शिकवू या.